फाटकापाशी हजर

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. अमरावतीच्या कोर्टाबाहेर त्या दिवशी मात्र ती पायरी चढायला मिळावी म्हणून सकाळपासून रांग लागली होती. कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. मार्च अजून संपायचा होता, पण ऊन मे महिन्यासारखं तापलं होतं, आणि फाटकासमोरच्या डांबरावर कुणीतरी मोठ्या हौसेनं चुन्याचे गोल काढून ठेवले होते. एका गोलात एकच माणूस उभा राहील, मध्ये अंतर राहील, असा त्यामागचा विचार. माणसं कसली उभी राहतात! त्यांनी गोलांमध्ये पिशव्या, फायली, पाण्याच्या बाटल्या, एकदोघांनी तर चपला ठेवून आपापला नंबर धरला होता, आणि स्वतः सगळी कडुलिंबाच्या सावलीत खांद्याला खांदा लावून गप्पा हाणत होती. रोग आलाच तर त्यानं चपलांना गाठावं, आपल्याला कशाला?

तेवढ्यात एका मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून प्रियदर्शनी तायडे उतरली. ती अकोल्याच्या आगारात एसटीची कंडक्टर. गाडी चालवत होता तो तिचा धाकटा भाऊ अश्विन. मूर्तिजापूर, बडनेरा करत दोघं उन्हातून आले होते. एरवी हा रस्ता ती तिकिटं देत बसमधूनच करायची, पण वकिलांनी फोनवर बजावलं होतं, बसनं यायचं नाही, स्वतःची गाडी आणायची, दोन मास्क लावायचे, बाहेरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिनं सगळं पाळलं होतं. चार दिवस आधीपासून रजा टाकून ती घरात बसून होती. आज कुठल्याही कारणानं फाटकातून परत जायची तिची तयारी नव्हती.

कारण आत तिची लेक येणार होती.

यशोधरा, घरातली यशू, सहा वर्षांची. नवराबायको वेगळे राहायला लागले तेव्हा यशू आईकडे अकोल्यालाच होती आणि त्यावर कुणाची तक्रार नव्हती. मागच्या वर्षी सासूबाईंची, म्हणजे जाईबाईंची, तब्येत बिघडली. ‘नातीले एकडाव पाहू दे’ असा त्यांचा निरोप आला आणि प्रियदर्शनीनं पोरीला चार दिवसांसाठी बडनेऱ्याला पाठवलं. त्या चार दिवसांत देश बंद पडला. धम्मदीप, तिचा नवरा, रेल्वेत नोकरीला. तो म्हणाला, गाड्या बंद आहेत, कशी आणून सोडू? गाड्या सुरू झाल्या तेव्हा म्हणाला, तू दिवसभर बसमध्ये शंभर माणसांच्या नोटा हातात घेतेस, तुझ्याकडे कशी पाठवू? बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त बोचायचं. आधी फोनवर रोज दिसणारी यशू मग आठवड्यानं दिसू लागली, मग झोपलेली असू लागली. शेवटी प्रियदर्शनी कोर्टात गेली, आणि तिथं सासरचं लेखी म्हणणं वाचायला मिळालं. आईच्या नोकरीमुळे मुलीच्या जिवाला धोका आहे. शिवाय मुलगी आईला विसरली आहे, तिचं नाव काढलं की घाबरते.

मागच्या तारखेला अमरावती पुन्हा बंद होती, म्हणून प्रियदर्शनीला पोहोचता आलं नाही. न्यायाधीशबाई कडक. त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या वेळी आई हजर नसेल तर अर्ज फेटाळीन, आणि हजर असेल तर मुलीला तिच्यासमोर आणून माझ्या डोळ्यांनी पाहीन, पोर आईकडे जाते की नाही. म्हणजे आज तिला दोनच गोष्टी करायच्या होत्या. हजर व्हायचं, आणि लेकीला आपल्याकडे येऊ द्यायचं. दुसऱ्या गोष्टीसाठी तर ती वर्षभर हात पसरूनच बसली होती.

फाटकावर देवराव हवालदार होते. मास्क नाकाच्या खाली, हातात ताप मोजायचं पांढरं पिस्तूल, आणि माणसागणिक ते कपाळावर रोखताना चेहऱ्यावर थोडी लाज. प्रियदर्शनीनं ओढणी सोडली, कपाळ पुढं केलं. पिस्तूल पिप वाजलं. देवरावांनी आकडा पाहिला, यंत्र झटकलं, पुन्हा धरलं.

“एकशे एक दाखवून राह्यलं, ताई.”

प्रियदर्शनीनं हाताची पाठ स्वतःच्या कपाळाला लावून पाहिली. मागं उभ्या असलेल्या अश्विनचा चेहरा उतरला.

“अवो, घाबरता काहून?” देवराव म्हणाले. “गाडीवर आले ना तुमी? अकोल्याहून? मंग! ऊन आहे ते. सकाळपासून चार जणाले ताप दाखवला यानं, चारी गाडीवरचे. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात माणसाच्या कपाळात अन तव्यात या यंत्राले फरक कळत नाई. जा, निंबाखाली बसा घडीभर. कपाळावर ओला रुमाल ठेवा. मंग पाहू.”

देवराव मनाचे भले होते. त्यांच्या जागी एखादा खडूस असता तर त्यानं तिला तिथूनच हाकललं असतं, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

निंबाखाली अश्विननं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून दिला. सावलीतल्या लोकांनी तिला जागा करून दिली. एका बाईनं आपल्या पदरानं वारासुद्धा घातला. ‘ऊन लागलं बिचारीले’ हे वाक्य निंबाखाली एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं आणि सगळ्यांना पटलं. प्रियदर्शनीलाही पटलं. ऊनच ते. दुसरं काय असणार? फक्त एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. मूर्तिजापूर सोडल्यावर, अंगाची लाही होत असताना, तिला हुडहुडी भरली होती. तिनं अश्विनच्या पाठीआड तोंड लपवलं होतं आणि स्वतःला सांगितलं होतं की पोटात भीती आहे, दुसरं काही नाही.

एवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबली. आधी धम्मदीप उतरला, मग काठी टेकत जाईबाई, आणि त्यांच्या मागून यशू.

केवढी वाढली होती! फ्रॉकखालून पाय लांबच लांब दिसत होते. केस कापले होते. तोंडावर मोठ्या माणसाचा मास्क, तो सारखा खाली घसरत होता आणि ती तो नाकावर चढवत होती. प्रियदर्शनी उभी राहिली. हाक घशापर्यंत आली, पण वकिलांनी सांगितलं होतं, बाहेर रडारड नको, ओढाताण नको, समोरचे लोक त्याचाही कागद करतील. तिनं ओठ दाबले. यशूनं निंबाखालच्या गर्दीकडे पाहिलं, ओढणी बांधलेल्या, दोन मास्क लावलेल्या बाईवरून तिची नजर पुढं सरकली आणि ती आजीचं बोट धरून आत गेली.

“वळखलं नाई तिनं मले,” प्रियदर्शनी म्हणाली.

“तोंड कुठं दिसून राह्यलं तुवं?” अश्विन म्हणाला. “मले तरी वळखू आलं असतं का? आत गेली की मास्क काढशीन ना घडीभर. मंग पाहाय.”

ती खाली बसली. बसतानाच तिचा तोल गेला. ते पाहून देवराव फाटक सोडून आले. वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात घराबाहेर पडला की खिशात कांदा ठेवतो. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही, आणि बाधलंच तर तोच फोडून हुंगवायचा. देवरावांनी खाकी पँटच्या खिशातून कांदा काढला, गुडघ्यावर ठेवून मुठीनं फोडला आणि तिच्या नाकासमोर धरला.

“घ्या. मास्क खाली करा अन जोरात वढा. आत्ता हुशारी येते पाहा.”

तिनं मास्क खाली केला आणि दीर्घ श्वास घेतला.

डोळ्यांत झोंबलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाजूच्या बाईनं “काय जहाल आहे बाप्पा” म्हणत तोंड फिरवलं. प्रियदर्शनीनं आणखी एकदा श्वास घेतला. मग कांदा हातात घेऊन नाकाला लावला.

वास नव्हता.

तिनं ओढणीचं टोक हुंगलं, त्यावर सकाळीच अर्धी बाटली सॅनिटायझर सांडलं होतं. काही नाही. अश्विनचे हात तिनं जवळ ओढले. बडनेऱ्याला पेट्रोल भरताना त्याच्या बोटांवर पेट्रोल आलं होतं आणि तो तेव्हापासून कुरकुरत होता. काही नाही. पहाटे आईनं दिलेला चहा नुसतं गरम पाणी वाटला होता, आणि ती आईला म्हणाली होती, साखर विसरली का व? आई म्हणाली होती, टाकली ना, तुवं ध्यान कुठं आहे?

“आली ना हुशारी?” देवरावांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

खोटं इतकं सहज बाहेर पडलं की तिलाच नवल वाटलं. ती कांदा मुठीत धरून बसली. वर्षभर तिनं एकाच गोष्टीची स्वप्नं पाहिली होती, यशूला उचलून घ्यायचं आणि तिच्या मानेत नाक खुपसायचं. घामाचा, खोबरेल तेलाचा, झोपेचा तो वास. आता पोर मिठीत आली तरी तो येणार नव्हता. हे आधी मनात आलं, आणि मग, उशिरा, दुसरं आलं. पोरीच्या मानेत आपण नाक खुपसू, आणि श्वासही तिथंच सोडू.

देवरावांनी पुन्हा पिस्तूल धरलं. ओल्या रुमालानं कपाळ गार पडलं होतं.

“अठ्ठ्याण्णव! म्या काय म्हटलं होतं? जा ताई, जा आत. पोरीचं काम आहे ना तुमचं? होते सारं बराबर.”

फाटक उघडलं. अश्विनला आत सोडत नव्हते, तो बाहेरूनच मूठ वळून ‘जा’ म्हणाला. समोरून रविकांत वकील लगबगीनं येत होते. साठी उलटलेले, दम्याचे, अमरावतीच्या कोर्टात केस पांढरे केलेले. काळा कोट हातावर, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच.

“चला बाई, चला! आपलाच नंबर आहे. पोरगी आत बसलीय. मॅडमचा मूड बरा आहे आज.”

प्रियदर्शनी पायरीशी थांबली. “वकीलसाहेब, मले कांद्याचा वास नाही आला.”

“काय?”

“वास येऊन नाही राह्यला. कशाचाच. सकाळी चहाची चव नव्हती. वाटेत थंडी वाजली. हे ऊन नाही वाटत मले.”

रविकांत वकिलांनी आजूबाजूला पाहिलं. “हळू बोला. तुम्ही डॉक्टर आहात का? मी आहे का? यंत्र काय म्हणालं?”

“अठ्ठ्याण्णव.”

“झालं तर मग.” असं म्हणत वकील एक पाऊल मागं सरकले. “पाच मिनिटांचं काम आहे. उभं राहायचं, पोरगी आली की जवळ घ्यायचं. बाहेर पडलात की काय तपासणी करायची ती करा.” आणखी एक पाऊल मागं. “लोक उगाच बाऊ करतात, एवढं काही होत नसतं.” आता त्यांची पाठ व्हरांड्याच्या खांबाला टेकली होती, आणि आणखी मागं जायला जागा नव्हती म्हणूनच ते थांबले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! “आणि नीट ऐका. त्यांचं म्हणणं काय आहे? तुम्ही रोग घेऊन येता. आज हे तोंडानं बोललात तर त्यांच्या हातात आयतं कोलीत द्याल. आत नाही आलात तर अर्ज जाईल. पुन्हा पोरगी मागायला कोणत्या तोंडानं याल?”

ते चुकीचं काहीच बोलत नव्हते. तिनं पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या पायरीवर.

कोर्टाचा हॉल तळमजल्यावर होता. रोगाच्या भीतीनं एसी बंद ठेवून खिडक्या सताड उघडल्या होत्या, त्यामुळे पायरीवरूनच आतलं दिसत होतं. शेवटच्या बाकावर जाईबाई बसल्या होत्या. त्यांचा मास्क हनुवटीवर, श्वास लागलेला, गोळ्यांची पिशवी मांडीवर. त्यांच्या कुशीत यशू रेलली होती. जाईबाई तिच्या कापलेल्या केसांतून बोटं फिरवत होत्या. प्रियदर्शनीला या बाईचा राग होता, खोल आणि जुना. चार दिवसांचं वर्ष याच बाईनं केलं. पण ती मरावी एवढा तो राग नव्हता. आणि त्या बाईच्याच श्वासातली हवा तिची लेक घेत होती.

बसमध्ये ती कुणाची गय करत नसे. दारू पिऊन कुणी चढला, भांडणाला उठला, की ती घंटीची दोरी एकदा ओढायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी थांबली की ती म्हणायची, “उतर खाली. बाकीच्याइले त्रास नोको.” माणूस ओळखीचा असला तरी उतरवायची. आगाराच्या साहेबाच्या मेव्हण्याला एकदा तिनं असंच भर रस्त्यात उतरवलं होतं, आणि त्याचं पुढं बरंच रामायण झालं होतं. घरी यशूसोबत तोच खेळ चालायचा. पोर बस व्हायची आणि अंगणभर पळायची, आई तोंडानं ‘टिंग’ म्हणाली की जागच्या जागी थांबायची, ‘टिंग टिंग’ ऐकल्याशिवाय हलायची नाही. एकदा प्रियदर्शनी फोडणीच्या नादात विसरली, तर पोर कितीतरी वेळ उन्हात तशीच उभी होती.

प्रियदर्शनी दुसऱ्या पायरीवरून खाली उतरली.

“बाई!” वकील ओरडले.

ती फाटकाबाहेर आली आणि मोकळ्या जागी, सगळ्यांपासून लांब जाऊन उभी राहिली. “हवालदारसाहेब, हे ऊन नाही. मले वास येत नाही. कोरोना असंल. तुमी हात धुवा, कांदा दिला होता तुमी मले. अश्विन, तू बी लांब हो.”

मग निंबाखालची सावली एकदम रिकामी झाली. पिशव्या, फायली, चपला भराभर उचलल्या गेल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकेका गोलात एकेक माणूस, शाळेच्या कवायतीला उभं राहावं तसा, सरळ उभा राहिला. पदरानं वारा घालणारी बाई सगळ्यांत शेवटच्या गोलात होती आणि प्रियदर्शनीकडे रागानं पाहत होती. देवरावांनी निमूटपणे मास्क नाकावर चढवला.

“ताई, सांगाचं तरी होतं आधी,” ते एवढंच म्हणाले. रागावले नव्हते, दुखावले होते. आणि ते तिला जास्त लागलं.

“चुकलं माह्यं,” ती म्हणाली.

रविकांत वकिलांनी व्हरांड्यातून दोन्ही हात वर केले. “मी सांगून पाहतो. पण अर्ज गेला समजा.” ते पाठ फिरवून आत गेले.

ती उन्हात उभी राहिली. आता अंगात खरंच ताप चढत होता, की आतापर्यंत ती तो दाबून धरत होती, कोण जाणे. अश्विन एका गोलात उभा होता, डोळे लाल. आपण काय करून बसलो हे प्रियदर्शनीला एकेक करून दिसायला लागलं. वर्षभर हेलपाटे, वर्षभर कागद, आणि हातातोंडाशी आलेला घास तिनं स्वतः खाली ठेवला होता. धम्मदीपचे वकील आत्ता उठले असतील. पाहा, म्हणत असतील, आम्ही काय म्हणत होतो?

आतून शिपायाची आरोळी आली.

“प्रियदर्शनी धम्मदीप तायडेऽऽ!”

वकील बोलले की नाही? ऐकून घेतलं की नाही? नाव पुकारतात म्हणजे अजून ती गैरहजर होती.

“प्रियदर्शनी धम्मदीप तायडेऽऽ!”

तिसऱ्यांदा पुकारलं की संपलं. मग नावापुढं काय लिहितात ते तिला माहीत होतं.

“प्रियदर्शनी...”

“हजर!” ती ओरडली. दोन्ही मास्कच्या आतून, अकोला स्टँडवर भर गर्दीत मूर्तिजापूर-बडनेरा-अमरावती पुकारणाऱ्या त्या आवाजात. निंबावरचे कावळे उडाले. “हजर आहे! फाटकापाशी हजर आहे! मी आजारी आहे, म्हणून आत नाही आली! पण हजर आहे मी!”

उघड्या खिडक्यांतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग एक बारीक, चिरका आवाज.

“आई!”

यशू हॉलच्या दारातून बाहेर पडली ती वाऱ्यासारखी. मास्क गळ्यात, एक चप्पल पायात आणि एक कुठं राहिली ते कुणास ठाऊक. तिच्या मागं जाईबाई, “यशू, थांब व! पडशीन!”, त्यांच्या मागं धम्मदीप. पोरीनं व्हरांडा ओलांडला, दोन्ही पायऱ्या एका उडीत उतरली. तोंड दिसत नव्हतं तोवर तिनं आई ओळखली नव्हती. आवाज ऐकला आणि ओळखली. देवराव मध्ये आले, तर ती त्यांच्या हाताखालून निसटली आणि फाटकाबाहेर आली. दोन्ही हात पुढं.

वर्षभर प्रियदर्शनीनं हेच मागितलं होतं. नेमकं हेच, असंच. तिचेही हात आपोआप उघडले.

मग ती मागं सरकली. मागं, आणखी मागं, आणि तिनं छातीतला सगळा दम काढून म्हटलं,

“टिंग!”

यशू थांबली. एकदम, जागच्या जागी, एक पाय अजून उचललेला. वर्ष उलटलं होतं, पण पाय विसरले नव्हते. तिनं खाली पाहिलं, बाजूलाच चुन्याचा एक रिकामा गोल होता. ती त्यात जाऊन दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. तापलेल्या डांबरावर अनवाणी पाऊल पोळत असावं, कारण तिनं तो पाय दुसऱ्या पायातल्या चपलेवर चढवला.

“आता घंटी दे,” ती म्हणाली. “मी येतो.”

“नाही व माय. यायचं नाही. आईले ताप आहे. तुले लागंल.”

“मी गोलातच आहे, पाहाय. हालली नाही. तू तुह्या गोलात ये.”

“इथूनच बोलतो मी. मोठी झाली व तू. केस कोणं कापले?”

“बाबानं. उवा झाल्या होत्या.” मग ती आईकडे निरखून पाहत राहिली. “तू रडून राह्यली?”

प्रियदर्शनीनं मूठ उघडून दाखवली. कांदा अजून तिथंच होता, चेंदामेंदा झालेला. “कांदा आहे,” ती म्हणाली, आणि पोरीला ते पटलं.

धापा टाकत जाईबाई फाटकाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग गोलातल्या नातीकडे, आणि तिथंच काठीवर भार देऊन थांबल्या. पुढं येऊन त्यांनी पोरीला ओढलं नाही. प्रियदर्शनीनं लांबूनच हात जोडले. “जयभीम, आत्याबाई. मास्क वर घ्या.” जाईबाईंनी मास्क वर घेतला. “जयभीम,” त्या म्हणाल्या, आणि तेवढंच बोलताना त्यांचा आवाज फाटला.

रविकांत वकील व्हरांड्याच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांना खाली यायचं नव्हतं, म्हणून तिथूनच ओरडले. “बाई, मॅडमनी ‘फाटकापाशी हजर’ असं लिहून घेतलं! त्यांचे वकील उठले होते, पाहा म्हणाले, आईनं रोग आणला की नाही. मॅडम म्हणाल्या, हो, पण ते आम्हाला आईनंच सांगितलं. पोरगी पळाली ती पाहिली त्यांनी. निकाल नाही दिला, तारीख दिली. बऱ्या होऊन या!”

निकाल नव्हता. पण अर्ज जिवंत होता. अश्विननं गोलातल्या गोलात खाली बसून तोंड झाकून घेतलं.

“कधी बरी होशीन?” यशूनं विचारलं. तिनं ‘तारीख’ शब्द ऐकला होता.

“लवकर. मंग मी येतो तुले घ्यायले.”

यशूनं मान हलवली. तिनं पुन्हा पाय जुळवले, हात बाजूला सरळ धरले.

“तोवर मी अठी गोलातच उभी राहू?”

देवराव हातातल्या पिस्तुलाकडे पाहत होते. प्रियदर्शनीच्या कानात ताप घणघणत होता, आणि एवढ्या अंतरावरूनही तिला पोरीचा पोळलेला पाय लाल झालेला दिसत होता.

“नाही,” ती म्हणाली. “आजीसंगं घरी जा. जेव. आजीचं ऐक.”

“मंग घंटी दे ना. बिना घंटीचं कशी जाऊ?”

जाईबाई पुढं झाल्या. त्यांनी गोलाबाहेरून हात पुढं केला, पण पोरीनं तो धरला नाही. ती आईकडे पाहत वाट बघत राहिली. प्रियदर्शनीनं कांद्याची मूठ पुन्हा मिटली. मग तिनं मान वर केली आणि भरल्या गाडीला निघायला सांगावं तसं, स्वच्छ, मोठ्यानं म्हटलं,

“टिंग टिंग.”

यशूनं आजीचं बोट धरलं आणि ती निघाली.